दहा दिवसांच्या दूध-नोंदींवर लिंकची क्वेरी: वेळ फार लागतो, आणि हिशेबही जुळत नाही

प्रश्न: संकलनखिडकी

आमच्या गावातील दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलासाठी मी सी शार्पमध्ये, डॉट नेट ८ वर, एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. त्यात लिंक (LINQ), म्हणजे याद्या गाळण्याची, जोडण्याची आणि बेरजा काढण्याची सी शार्पमधील सोय, वापरली आहे. संस्थेचे ६२० सभासद आहेत, संकलन सकाळ-संध्याकाळ होते, आणि वजनकाट्याला जोडलेल्या संगणकातून दर दहा दिवसांनी साधारण ११,८०० ओळींची एक फाइल मिळते. प्रत्येक ओळीत पावती क्रमांक, सभासद क्रमांक, तारीख, वेळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅटखेरीजचे घन पदार्थ), दर आणि रक्कम एवढे असते. सभासदांची यादी आणि पशुखाद्याच्या उचलीची यादी वेगळ्या फाइलींत आहे.

नोंदींची फाइल वाचण्यासाठी मी एक फंक्शन लिहिले आहे. ते एकेक ओळ वाचते, तिची नोंद बनवते आणि यील्ड रिटर्नने पुढे देते. त्याचा निकाल ‘नोंदी’ या व्हेरिएबलमध्ये घेऊन मी सभासदांच्या यादीवर फॉरईच, म्हणजे एकेक सभासद घेणारा फेरा, चालवतो, आणि आत प्रत्येक सभासदासाठी असे लिहितो:

त्याच्या = नोंदी.व्हेअर(न => न.सभासद == स.क्रमांक)

मग ‘त्याच्या’वर काउंट करून आकडा शून्याहून मोठा आहे का ते पाहतो, आणि असल्यास लिटरची बेरीज, फॅटची सरासरी व रकमेची बेरीज अनुक्रमे सम, ॲव्हरेज आणि पुन्हा सम वापरून काढतो. उत्तर येते, परंतु ६२० बिलांसाठी अडीच मिनिटे लागतात. एवढ्याशा माहितीला इतका वेळ लागू नये, असे मला वाटते.

वेळेखेरीज आणखी तक्रारी आहेत. सचिव वहीत फॅटची सरासरी काढतात, ती माझ्या सरासरीशी बहुतेक सभासदांच्या बाबतीत जुळत नाही. बिलांनंतर छापायच्या रजिस्टरासाठी मी सभासद आणि बेरजा जॉइनने जोडल्या, तेव्हा दहा दिवसांत दूध न घातलेले सभासद यादीतून नाहीसे झाले. त्यांच्या नावावर उचल बाकी असल्यामुळे ते दिसणे आवश्यक आहे. बिलांची एकूण रक्कम यंत्राने दाखवलेल्या एकूण रकमेपेक्षा ४,३८६ रुपयांनी जास्त येते, ते वेगळेच. वेग वाढावा म्हणून सभासदांची यादी टूडिक्शनरीने डिक्शनरीत (जिथे प्रत्येक नोंद एका वेगळ्या ‘की’ने, म्हणजे किल्लीने, शोधता येते; येथे की म्हणजे सभासद क्रमांक) घालून पाहिली, तर ‘ही की आधीच आहे’ अशा अर्थाचा अपवाद, म्हणजे प्रोग्राम थांबवणारी त्रुटी, आला, म्हणून तो प्रयत्न सोडून दिला.

उत्तर: आळशीपुनरावर्तक

आधी वेळेचे पाहू, कारण त्याचे कारण आपण समजता आहात त्यापेक्षा वेगळे आहे. ६२० सभासद आणि ११,८०० नोंदी यांचा गुणाकार ७३,१६,००० होतो, आणि चार वेळा चाळले तरी २ कोटी ९२ लाखांच्या आसपास तुलना होतात. दोन पूर्णांकांची तुलना एवढ्या वेळा करणे हे आजच्या साध्या संगणकालाही सेकंदाच्या अंशाचे काम आहे. अडीच मिनिटे तुलनेत जात नाहीत, ती फाइल वाचण्यात आणि ओळी फोडण्यात जातात.

यील्ड रिटर्न असलेले फंक्शन आपण हाक मारताच धावत नाही. ते फक्त ‘मागाल तेव्हा देईन’ असे म्हणणारी एक वस्तू हातात ठेवते. व्हेअरही तसेच आहे. ते त्या वस्तूवर एक अट चिकटवते आणि गप्प बसते. आपल्या उदाहरणात सांगायचे तर ‘त्याच्या’ या व्हेरिएबलमध्ये दूध नाही, दूध आणण्याची चिठ्ठी आहे, आणि काउंट, सम, ॲव्हरेज, सम अशी चार माणसे ती एकच चिठ्ठी घेऊन चार वेळा गोठ्यापर्यंत जाऊन येत आहेत. प्रत्येक खेपेला फाइल पुन्हा उघडली जाते, ११,८०० ओळी पुन्हा फोडल्या जातात, तारखा आणि दशांश पुन्हा वाचले जातात, आणि त्यांतल्या फार तर वीसेक नोंदी ठेवून बाकी सर्व टाकून दिल्या जातात. ६२० सभासदांसाठी हे जवळजवळ २,४८० वेळा घडते. खात्री करून घ्यायची असेल तर वाचणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत कन्सोलवर ‘फाइल उघडली’ असे छापून पाहा. पडदा भरून वाहू लागेल.

लिंक सी शार्प ३.० बरोबर २००७ साली आली तेव्हापासून हे असेच आहे, आणि हा दोष नसून जाणूनबुजून केलेली रचना आहे. मोठ्या फाइलीतून पहिल्या पाच नोंदी हव्या असतील तर टेक(५) लिहून उरलेली फाइल न वाचताच थांबता येते, ते या आळसामुळेच. मात्र एकच माहिती अनेकदा लागणार असेल, तर ती एकदा घरात आणून ठेवली पाहिजे. वाचणाऱ्या फंक्शनच्या निकालावर टूलिस्ट लावा. एवढ्या एका बदलाने अडीच मिनिटांचे काम सेकंदाच्या आत यावे.

तिथेच थांबलात तरी चालेल, पण आपल्या कामाला टूलिस्टपेक्षा टूलुकअप अधिक शोभते:

खाती = नोंदी.टूलुकअप(न => (न.सभासद, न.प्रकार))

हे लगेच धावते, सर्व नोंदी एकदाच चाळते आणि प्रत्येक सभासदाच्या गाईच्या व म्हशीच्या नोंदी आपापल्या कप्प्यात टाकते. त्यानंतर खाती[(२१५, गाय)] असे विचारले की तेवढाच कप्पा हाती येतो. ग्रुपबाय दिसायला असेच असले तरी ते आळशी गटात मोडते: त्याच्या निकालावर दोनदा फॉरईच चालवले तर गट दोनदा बांधले जातात.

की म्हणून मी येथे दोन किमतींचा (म्हणजे सभासद आणि प्रकार या दोन मूल्यांचा) टपल वापरला आहे, कारण टपलची तुलना आतल्या किमतींवरून होते. त्याऐवजी आपण स्वतःचा क्लास बनवून की म्हणून दिलात आणि त्यात समानतेची व्याख्या लिहिली नाहीत, तर प्रत्येक वस्तू इतर सर्वांपेक्षा वेगळी ठरेल आणि ११,८०० नोंदींचे ११,८०० गट पडतील. प्रोग्राम कुठेही तक्रार करणार नाही, म्हणून ही चूक सापडायला वेळ लागतो. मी स्वतः तिच्यात एक संपूर्ण दुपार घालवली आहे.

दूध न घातलेल्या सभासदांचा प्रश्नही लुकअपने सुटतो. जॉइन हे दोन्हीकडे जोडी असलेल्यांनाच ठेवते, त्यामुळे नोंद नसलेला सभासद गळणारच. लुकअपला नसलेली की विचारली तर ते अपवाद फेकत नाही, रिकामा कप्पा देते. डिक्शनरी मात्र चौकोनी कंसात नसलेली की दिसताच थांबते. म्हणून फेरा सभासदांच्या यादीवर चालवा, लुकअपमधून कप्पा घ्या, आणि रिकाम्या कप्प्याची सम शून्य येईल ती तशीच छापा. ॲव्हरेज मात्र रिकाम्या कप्प्यावर अपवाद फेकते, तिथे आधी एनी (एक तरी नोंद आहे का) विचारा. काउंटऐवजी एनी विचारण्याची सवय एरवीही चांगली, कारण एनी पहिली नोंद दिसताच परत फिरते. डॉट नेट १० मध्ये लेफ्टजॉइन नावाचे तयार फंक्शन आले आहे. आपण ८ वर असल्यामुळे ग्रुपजॉइन आणि डिफॉल्टइफएम्प्टी यांची जोडगोळी वापरावी लागेल, जी वाचायला क्लिष्ट आहे. मी तिच्या वाटेला जाणार नाही.

उत्तर: वहीतलीबेरीज

फॅटच्या सरासरीत सचिव बरोबर आहेत आणि प्रोग्राम चुकला आहे. ॲव्हरेज हे फंक्शन प्रत्येक नोंदीला सारखेच वजन देते, मग ती नोंद चार लिटरची असो की बारा लिटरची. समजा एखाद्याने सकाळी १२ लिटर दूध ३.२ फॅटने घातले आणि संध्याकाळी ४ लिटर ४.४ फॅटने. ॲव्हरेज ३.८ सांगेल. प्रत्यक्षात ३८.४ आणि १७.६ मिळून ५६, भागिले १६ लिटर, म्हणजे ३.५. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरला जातो हे लक्षात घेतले, तर ३.८ आणि ३.५ यांत किती अंतर आहे ते सभासदाला सांगावे लागत नाही. तेव्हा लिटर गुणिले फॅट यांची सम घ्या आणि तिला लिटरच्या समने भागा. एसएनएफलाही हाच नियम लावा. भागण्यापूर्वी लिटर शून्य नाहीत ना, ते पाहावे.

रकमेच्या बाबतीत एक विचारतो: आपण फाइलमधील रक्कम बेरजेत घेता, की लिटर आणि दर यांचा गुणाकार नव्याने करता? नव्याने करत असाल तर पैशांचे फरक पडतील. मॅथ.राउंड हे फंक्शन काही सांगितले नाही तर नेमक्या मध्यावरच्या आकड्याला जवळच्या सम (दोनने भाग जाणाऱ्या) अंकाकडे नेते. ६.५ लिटर गुणिले ३४.२५ म्हणजे २२२.६२५, राउंड त्याचे २२२.६२ करील, आणि शाळेत शिकलेल्या रीतीने २२२.६३ होतात. सभासदाच्या हातातील पावतीवर जो आकडा छापला गेला आहे तोच खरा, म्हणून पावतीच्या रकमांचीच बेरीज करावी, आणि सर्व रकमा डबल या दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकाराऐवजी डेसिमल प्रकारात ठेवाव्यात. दरपत्रकात फॅटवरून दर शोधायचा असेल तर तीच काळजी तिथेही हवी: डबलमधील ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे तशी की डिक्शनरीत सापडेलच असे नाही. फॅटचा दहापट पूर्णांक, म्हणजे ३.५ साठी ३५, की म्हणून वापरावा.

अर्थात ४,३८६ हा फरक पैशापैशाने साचलेला नाही, इतके मी बसल्या जागेवरून सांगू शकतो. तो कुठेतरी एकगठ्ठा पडलेला आहे.

उत्तर: उभाआडवा

मला वाटते, ही सर्व माहिती एसक्यूएलाइट या छोट्या डेटाबेसच्या टेबलात घालावी, सभासद क्रमांकावर इंडेक्स करावा, आणि बेरजा तिथेच ग्रुप बायने काढाव्यात. आज दहा दिवसांची फाइल आहे, उद्या सचिव वर्षभराचा बोनस मागतील, तेव्हा नोंदी सव्वाचार लाखांच्या पुढे जातील आणि मजकूर-फाइलींची मोळी सांभाळत बसावे लागेल.

उत्तर: आळशीपुनरावर्तक

बोनसचा मुद्दा मान्य आहे, पण दहा दिवसांच्या १२ हजार ओळींसाठी डेटाबेस आणण्याची घाई करू नये, असे माझे मत. आणि पुढे तिकडे गेलात, तर मी वर दिलेला सल्ला उलटा होतो, हे आत्ताच सांगून ठेवतो. एंटिटी फ्रेमवर्कमध्ये (ईएफ, म्हणजे सी शार्पमधून डेटाबेस वापरण्याच्या साधनात) टेबलावर व्हेअर लिहिले की त्याचे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतील क्वेरी, होऊन डेटाबेसकडे जाते. व्हेअरच्या आधीच टूलिस्ट लावले तर आधी सव्वाचार लाख नोंदी मेमरीत येतात आणि मग त्यांतून वीस निवडल्या जातात. अक्षरशः तीच दोन फंक्शने आहेत, फक्त क्रम बदलला. याशिवाय, सी शार्पमधील आपले एखादे फंक्शन व्हेअरच्या अटीत वापरले आणि त्याचे एसक्यूएल होऊ शकत नसेल, तर २०१९ मध्ये आलेल्या ईएफ कोअर ३.० पासून तिथे अपवाद येतो. त्याआधीच्या आवृत्त्या निमूटपणे सर्व टेबल उचलून आणत असत.

पुन्हा: संकलनखिडकी

सर्वांचे आभार. वाचणाऱ्या फंक्शनमध्ये ‘फाइल उघडली’ छापून पाहिले आणि खरोखरच पडदा भरून वाहिला. टूलुकअप लावल्यावर ६२० बिले डोळ्याची पापणी लवण्याच्या आत तयार झाली. मला आधी वाटले की काही चाललेच नाही. फॅटची सरासरी वहीशी जुळली. रक्कम मी फाइलमधीलच घेत होतो, त्यामुळे पैशांचा प्रश्न नव्हता, परंतु ४,३८६ अजून तसेच आहेत. काही नोंदी दोनदा आल्या असाव्यात अशा शंकेने डिस्टिंक्ट लावून पाहिले, तरी एकही नोंद कमी झाली नाही.

रजिस्टराचीही एक अडचण आहे. वस्तीनुसार आणि वस्तीत आडनावानुसार क्रम हवा आहे. ऑर्डरबाय वस्ती आणि त्यापुढे ऑर्डरबाय आडनाव असे लिहिले, तर सर्व वस्त्या मिसळून गेल्या.

उत्तर: काशीदआधीकाळे

दुसऱ्या ऑर्डरबायने पहिला क्रम मोडला. तिथे देनबाय लिहा. लिंकचा ऑर्डरबाय स्थिर असल्यामुळे, म्हणजे बरोबरीच्या नोंदींचा आधीचा क्रम तो राखत असल्यामुळे, उलट्या क्रमाने दोन ऑर्डरबाय लिहूनही हवे ते मिळते. परंतु ते वाचणाऱ्याला कोडे घातल्यासारखे होते. लिस्टवरचे सॉर्ट हे फंक्शन मात्र स्थिर नाही, तेव्हा ही युक्ती तिथे नेऊ नका.

आडनावांच्या बाबतीत एक आपल्या भाषेपुरती गोष्ट आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा क्रमांक दिला आहे, आणि मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. त्यामुळे ऑर्डिनल, म्हणजे युनिकोड क्रमांकांवरून होणाऱ्या, तुलनेने लावलेल्या यादीत काळे हे काशीद यांच्या आधी येतात, आणि शब्दकोशाच्या क्रमाने काशीद आधी यायला हवेत. ऑर्डरबायला दुसरा अर्ग्युमेंट म्हणून मराठी-भारत या कल्चरवरून (भाषेच्या नियमसंचावरून) बनवलेला स्ट्रिंगकंपेरर, म्हणजे शब्दांची तुलना करणारी वस्तू, दिला की क्रम सुधारतो. सभासद क्रमांक मजकूर म्हणून साठवला असेल तर १० हा २ च्या आधी लागेल, तो पूर्णांक करून घ्यावा. रजिस्टराचे एका पानावर चाळीस ओळी असे तुकडे पाडायचे असतील, तर डॉट नेट ६ पासून चंक(४०) आहे. हाताने मोजत बसण्याची गरज नाही.

डिस्टिंक्टने काही कमी झाले नाही, कारण आपली नोंद क्लास आहे आणि फाइलमधील दोन सारख्या ओळींपासून बनलेल्या दोन वस्तू त्याच्या लेखी वेगळ्या आहेत. नोंदीला क्लासऐवजी रेकॉर्ड केले तर किमतींवरून तुलना होईल, किंवा डिस्टिंक्टबाय वापरून कशावरून एकच मानायचे ते सांगता येईल. पण ते सांगताना जपून. सभासद, तारीख आणि वेळ यांवरून एकच मानले, तर एकाच सकाळी दोन कॅन घालणाऱ्याचा दुसरा कॅन आपण खाऊन टाकाल. आपल्या फाइलीत पावती क्रमांक आहे, तोच वापरावा.

आणि काढून टाकण्याआधी, काय दोनदा आले आहे ते डोळ्यांनी पाहा. की वर ग्रुपबाय करा आणि ज्या गटात एकाहून अधिक आहेत तेवढेच छापा. हे नोंदींवर करा, पण त्याआधी सभासदांच्या यादीवर करा. टूडिक्शनरीने दिलेला अपवाद आपण अडथळा समजून सोडून दिलात. मला तो या सर्व प्रकरणातला सर्वांत उपयोगी निरोप वाटतो. फेरा सभासदांच्या यादीवर चालतो, हे ध्यानात घेऊन पाहा.

पुन्हा: संकलनखिडकी

पाहिले. नोंदींमध्ये एकही पावती क्रमांक दोनदा नाही. सभासदांच्या यादीत मात्र २१४ दोनदा आहे: एक ओळ वडिलांच्या नावाची आणि एक मुलाची. वडील गेल्यावर सभासदत्व मुलाच्या नावावर झाले, नवी ओळ भरली गेली, जुनी कोणी काढली नाही. फॉरईच दोन्ही ओळींवर थांबत होता आणि त्याच दुधाचे दोन्ही नावांनी बिल काढत होता. सचिवांना विचारले तेव्हा ते म्हणाले की वडिलांच्या नावाचे बिल ते दर वेळी फाडून टाकतात. बेरीज मात्र त्याआधीच झालेली असते. या दहा दिवसांत २१४ चे दूध १२९ लिटर झाले आहे, आणि बिल ४,३८६ रुपयांचे.

आता यादी वाचल्यावर लगेच टूडिक्शनरी चालवतो, आणि अपवाद आला तर बिले छापायला घेत नाही.